पळसाला पाने तीनच, पण पळस पाहिला कोणी?

— द्वितीय वर्ष, बी. ए.

“कुठेही जा, पळसाला पाने तीनच!” ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत पाठ केली आहे, परीक्षेत तिचा अर्थ लिहिला आहे आणि त्याचे दोन गुणही पदरात पाडून घेतले आहेत. गेल्या वर्षी मराठीच्या तासाला म्हणींचा विषय निघाला, तेव्हा सरांनी सहज विचारले, “पळस कोणी कोणी पाहिला आहे?” साठ-सत्तर जणांच्या वर्गात नऊ-दहा हात वर झाले. “मग उद्या त्याचे एक पान कोण आणून दाखवील?” या प्रश्नासरशी त्यांतले निम्मे हात खाली आले. वर्गात हशा पिकला आणि तास पुढे गेला.

हात वर न करणाऱ्यांत मीही होते, आणि आज तेच कबूल करण्यासाठी लेखणी हाती घेतली आहे. वास्तविक त्या वर्गात पळस माझ्याइतका जवळून कोणी पाहिला नसेल. माझ्या आजीने सारे आयुष्य पळसाच्या पत्रावळी टाचून विकल्या. आमचे खापा हे कन्हानच्या काठचे विणकरांचे जुने गाव. आबाजी हातमागावर बसत. पण मागाचे काम मंदावले की घरची चूल आजीच्या पत्रावळींवर पेटत असे. पळसाची केशरी फुले गळून नवी पाने जून झाली की आजी चार बायांबरोबर पहाटे रान गाठायची, पानांचा भारा डोक्यावर घेऊन दुपारी परतायची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात बांबूच्या बारीक काड्यांनी पाने टाचत बसायची. पुढे लग्नाच्या पंगतींत थर्माकोलची ताटे आली आणि आजीचा धंदा बसला. 2018 साली राज्य सरकारने थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली. पण तोवर आजीच्या डोळ्यांतली नजर आणि बोटांतली ताकद, दोन्ही गेली होती.

मग मी हात वर का केला नाही? कारण पुढचा प्रश्न येईल अशी मला भीती वाटली: “तुला पळस एवढा कसा माहीत?” आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रवेशाच्या अर्जावर आईवडिलांचे शिक्षण लिहिताना माझी लेखणी अडखळली होती. त्यात पुन्हा पत्रावळीची गोष्ट चारचौघांत कशाला काढायची? माझ्या घरात जे ज्ञान होते, ते मला ज्ञान वाटतच नव्हते. ते मला दारिद्र्याची खूण वाटत होते.

माझे डोळे उघडले ते पर्यावरणाच्या प्रकल्पामुळे. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणात पर्यावरणाचा विषय आणण्यासंबंधी निर्देश दिले आणि पुढे तो पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना लागू झाला, हे आपण जाणतोच. या विषयात ‘माझ्या परिसरातील दहा वनस्पती’ असा प्रकल्प मी केला. केला म्हणजे काय, तर मोबाईलवरून दहा चित्रे उतरवली, खाली मराठी आणि शास्त्रीय नावे लिहिली, ‘वृक्षांचे महत्त्व’ म्हणून दोन पाने मजकूर जोडला आणि वर रंगीत मुखपृष्ठ लावले. एक खरे पान हवे म्हणून दसऱ्याला बाजारातून आणलेल्या सोन्यातले एक मोठे, सुबक पान चिकटवले आणि त्याखाली लिहिले, ‘आपटा’. वीसपैकी अठरा गुण मिळाले! मी आनंदाने वही घरी आणली. आजीला आता नीट दिसत नाही. तिने वही मांडीवर घेतली आणि त्या पानावरून बोट फिरवले.

“हा आपटा नोहे वं पोरी,” ती म्हणाली. “आपट्याचं पान एवढं मोठं अन् पातळ नसते. ते जाड रायते, लहान रायते, अन् त्याची पाठ खरबडी लागते. हा कांचन हाय. कोनं सांगतलं तुले?”

कोणी सांगितले? बाजाराने सांगितले, मी लिहिले आणि तपासणाऱ्यांनी बरोबरची खूण केली! पुढे हा प्रकार मी सरांना सांगितला तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, “म्हणजे त्या दिवशी नापास आपण दोघेही झालो.” त्यांचा मोठेपणा मी विसरणार नाही. पण माझ्या मनातला प्रश्न त्या हसण्याने संपला नाही. ज्या बाईला सही करता येत नाही, ती बोटाच्या स्पर्शाने पान ओळखते. आणि ज्यांना त्या पानाचे शास्त्रीय नाव लिहिता येते, त्यांना पान ओळखता येत नाही. मग शिकलेले कोण?

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या मातीतली झाडे आपल्याला शिकवायची असतील तर ती आपल्या सणांतून, म्हणींतून, गावांच्या नावांतून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून शिकवली पाहिजेत. असे शिक्षण म्हणजे मागे जाणे नव्हे. जगात इतरत्र हे घडत आहे, याचे उदाहरण मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडले.

भूगोलाच्या तासाला ज्वालामुखी शिकवताना मॅडमनी हवाई बेटांचा उल्लेख केला. लाव्हा थंड होऊन काळा खडक झाला की त्यावर पहिल्याप्रथम रुजणाऱ्या झाडांत ‘ओहिआ लेहुआ’ हे लाल तुऱ्यांचे झाड असते, असे त्यांनी सांगितले. मी कुतूहलाने ग्रंथालयात आणखी वाचले. प्रशांत महासागरातल्या या बेटांवरची देशी सपुष्प झाडे दहांतली जवळजवळ नऊ अशी की ती जगात दुसरीकडे कोठेच आपोआप उगवत नाहीत. तेथल्या मूळ रहिवाशांचे राज्य 1893 साली उलथवले गेले आणि 1896 च्या कायद्याने शाळांतून त्यांची भाषा शिक्षणाचे माध्यम म्हणून हद्दपार झाली. भाषा गेली तशी झाडांची नावे आणि गोष्टीही जाऊ लागल्या. पुढे 1978 साली त्या भाषेला राज्याच्या घटनेत स्थान मिळाले आणि 1984 पासून तिच्या बालशाळा निघाल्या. आज तेथे मुलांना झाडे शिकवताना नुसते नाव आणि कुळ सांगत नाहीत. त्या झाडाची गोष्ट, त्याचे गाणे आणि ते तोडण्यापूर्वी रानाची परवानगी कशी मागायची, हेही सांगतात.

त्यांच्या गोष्टींतली एक वाचून तर मी थबकलेच. त्यांच्या आदिमातेचे पहिले मूल मृत जन्मले. त्याला जमिनीत पुरले, तेथून ‘कालो’ नावाचे रोप उगवले. दुसरे मूल जगले, तो माणसांचा पूर्वज. म्हणून कालो हा माणसाचा थोरला भाऊ! त्याने धाकट्याला खाऊ घालायचे आणि धाकट्याने त्याची राखण करायची. आणि हा कालो म्हणजे कोण? आपला अळू! आपल्या नागपूरकडे ज्याला धोपा म्हणतात, ज्याच्या पानांच्या वड्या आपण पावसाळ्यात चवीने खातो, तोच. त्याच्या कंदाला फुटणाऱ्या पिलांना त्यांच्याकडे ‘ओहा’ म्हणतात, आणि त्यावरूनच ‘ओहाना’, म्हणजे कुटुंब, हा शब्द आला असे सांगतात. आमच्या न्हाणीमागच्या ओलीत वाढणारा धोपा सातासमुद्रापलीकडे कोणाचा तरी थोरला भाऊ आहे, हे वाचून मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

लाज अशासाठी की, झाडाशी नाते जोडण्याची ही रीत आपल्याला काही नवी नाही. आपल्या अनेक कुळांना ‘देवक’ असते; कोणाचे कळंब, कोणाचे उंबर, कोणाचा वड, कोणाची रुई. लग्नात आधी देवक बसते, मग बाकीचे विधी. आपल्या भागावर राज्य केलेल्या गोंडांमध्ये साजाचे झाड हे बडादेवाचे स्थान मानतात. मोहगाव, पळसगाव, चिचोली, आमगाव, बोरगाव ही नावे विदर्भात जागोजागी आढळतात. आपल्या पूर्वजांनी गावाला नाव देताना आधी झाडाकडे पाहिले, याचीच ती साक्ष आहे. इतिहासाच्या मित्रांना सांगायचे तर 1757 सालची प्लासीची लढाई ज्या गावाजवळ झाली, त्या पलाशीचे नावही पळसावरूनच पडले. आपण सन पाठ केला, झाड मात्र विसरलो.

आणि सण? मला तर आपले पंचांग हे वनस्पतींचे पाठ्यपुस्तकच वाटते. चैत्रात गुढीला कडुनिंब. ज्येष्ठात वड. श्रावणात बेल आणि जिवतीच्या पूजेला आघाडा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकायला पळसाचे पान लागते आणि पोळ्याला दारोदार पळसाचे मेढे लागतात. दुसऱ्या दिवशी रोगराईला हाकलत ते गावाबाहेर नेऊन टाकतात. भाद्रपदात गणपतीची पत्री: दूर्वा, माका, धोतरा, डोरली, रुई, शमी, अर्जुन. यांतली कितीतरी त्या दिवसांत गावकुसाबाहेर आपोआप माजलेली असतात! म्हणजे ज्या महिन्यात जे रान हिरवे, त्या महिन्यात ते ओळखून आणायचे, अशीच ही योजना दिसते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून बाया नांगर न लागलेल्या जागेतल्या भाज्या शोधत. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. सोळा नावे पाठ असल्याशिवाय हा स्वयंपाक होणार कसा? आश्विनात आपटा, फाल्गुनात पळसफुलांचा रंग. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ या 1956 च्या पुस्तकात महिन्यामहिन्याने निसर्ग मांडला, तो मार्ग कला शाखेच्या विद्यार्थ्याला किती जवळचा आहे! आणि आपल्या विदर्भाच्या रानात आयुष्य घालवलेले मारुती चितमपल्ली 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते रानातल्या माणसांकडून झाडापाखरांची नावे शिकत शिकतच.

पण आज पत्रीचा जुडगा बाजारात वीस-तीस रुपयांना मिळतो. त्यात काय आहे हे विकणारा पाहत नाही, घेणारा विचारत नाही आणि देवाची काही तक्रार नाही! सण शिल्लक राहिला आणि त्यातला अभ्यासक्रम तेवढा गळून पडला.

येथे काही मित्र दोन आक्षेप घेतील. पहिला असा की, हे सारे धार्मिक कर्मकांड आहे. ते वर्गात कशाला? माझे उत्तर असे की, पळस हा कोणत्याही पूजेच्या आधीचा आहे. त्याच्यावर लाखेचे किडे पोसतात, त्याच्या मुळांच्या तंतूंचे रंगाऱ्याचे कुंचे होतात, त्याचा डिंक कमरकस म्हणून बाळंतिणीला देतात. ज्याला देव मानायचा नाही त्याने मानू नये. पण ज्या वाटेने लोक झाडापर्यंत पोहोचले ती वाट तरी पाहावी. शिवाय म्हण आणि सण आपण तपासूनही घेऊ शकतो. वनस्पतिशास्त्र सांगते की पळसाचे पान एकच. त्याला पर्णिका तीन. म्हणजे म्हण शास्त्राला धरून नाही! मी हे आजीला मोठ्या ऐटीत सांगितले. ती म्हणाली, “देठ एकच हाय, ते मले ठाव हाय. पन मधलं पान सरळ, अन् बाजूचे दोन तिरपे. पत्रावळीले मधलं पान बुडाशी लावा लागते.” नंतर मी पुस्तकात पाहिले. बाजूच्या दोन्ही पर्णिका तिरकस, असमान असतात, असेच तेथे लिहिलेले आहे. शास्त्र आणि आजी यांचे भांडण नाहीच. त्यांची फक्त भेट झालेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि मला तो मान्य आहे. परंपरा झाडे राखते तशी ती झाडे तोडतेही. दसऱ्याला आपट्याच्या नावाने किती फांद्या ओरबाडल्या जातात, आणि आपटा न मिळाल्यास कांचनावर कुऱ्हाड चालते, हे आपण दरवर्षी पाहतो. वटपौर्णिमेला शहरात वडाच्या फांद्या विकायला बसतात. नवऱ्याच्या आयुष्यासाठी झाडाचे आयुष्य तोडायचे! तेव्हा ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. पण याचे उत्तरही मला हवाईतच सापडले. ओहिआ लेहुआचे तुरे तेथल्या हुला नृत्यात माळण्याची जुनी रीत आहे. काही वर्षांपूर्वी त्या झाडांना एका बुरशीचा घातक रोग लागला. तोडलेल्या फांद्यांवाटे तो पसरण्याचा धोका, म्हणून 2016 साली हिलो गावच्या ‘मेरी मोनार्क’ या मोठ्या हुला उत्सवाच्या वेळी नृत्यपथकांना विनंती झाली की यंदा लेहुआ तोडू नका. ज्यांच्या नृत्याचा तो प्राण, त्यांनीच झाडासाठी हात आवरावा, असे सांगणे तेथे शक्य झाले. कारण त्यांना फूल कोठून येते हे ठाऊक होते. आपल्याला सोने कोठून येते हे ठाऊक नाही, म्हणून आपण ते लुटतो. ज्याने आपटा उभा पाहिला, तो एक पान देऊनही दसरा साजरा करील.

देशी-परदेशी या वादातही फार ताणू नये असे मला वाटते. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा. आपल्या झुणक्यातली मिरची अमेरिकेतून आलेली. हवाईचा कालोसुद्धा त्यांच्या पूर्वजांनी होड्यांतून आणलेला. पाहुणा कोण आणि चोर कोण हे लोकांना बरोबर कळते. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने जंगले व्यापली, परदेशी गव्हाबरोबर आलेल्या गाजर गवताने शेते व्यापली. आणि ओढ्याकाठी कितीही उपटले तरी पुन्हा उभे राहणाऱ्या एका परक्या झुडपाला आपल्या शेतकऱ्यांनी नावच दिले, ‘बेशरम’! याहून नेमके वर्णन कोणत्या पुस्तकात मिळेल?

मग करायचे काय? मी मोठ्या योजना मांडणार नाही. प्रकल्पात दहा झाडांऐवजी एकच झाड द्यावे. पण ते स्वतः पाहिलेले, त्याच्याखाली उभे राहून लिहिलेले असावे. त्याची तीन नावे लिहावीत: घरातले, पुस्तकातले आणि शास्त्रातले. त्या झाडाचा एक सण, एक म्हण किंवा एक उपयोग घरच्या अथवा गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहावा आणि त्या माणसाचे नाव प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून घालावे. मराठी, भूगोल आणि इतिहास या तिन्ही विभागांनी मिळून आवाराभोवतालच्या झाडांची यादी करावी. आणि वर्षातून एकदा तरी जंगलात जाणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, पाने वेचणाऱ्या एखाद्या माणसाला वर्गात खुर्ची द्यावी. ज्यांनी ही झाडे ओळखली ते बहुतेक गरीब होते, बायका होत्या, आदिवासी होते. म्हणूनच त्यांचे ज्ञान पुस्तकात आले नाही. ते आणण्याचे काम आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी नाही करायचे, तर कोणी? आपल्या एका हातात वही आहे आणि दुसरा हात अजून आजीच्या हातात आहे. आपल्या मुलांच्या वेळी तो दुसरा हात रिकामा असेल.

ही कल्पना मी सरांना सांगितली, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “तुझ्या आजी येतील का?” मी घरी येऊन आजीला विचारले. ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मले सही बी येत नाही. मी कालिजात येऊन काय सांगू? पोरं हासतीन.”

मी तिला म्हटले, “हासणार नाहीत. आधी मी हासत होती, आता नाही हासत.”

“मंग पोळ्याच्या आंगं-मांगं येतो,” ती म्हणाली. “तवा पानं चांगले रायतेत. काड्या मातर तुवा सोलून ठेवजो.”

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पोळ्याच्या सुमारास आपल्या वर्गात एक पत्रावळ टाचली जाणार आहे. येताना प्रत्येकाने पळसाचे एक पान घेऊन यावे. ते कोठे मिळेल हे मात्र मला विचारू नका, घरी विचारा.